मेट्रनबाई जागा बघतात

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रनबाईंनी सत्तावीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत स्वतःसाठी जागा शोधायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही. नोकरीबरोबरच दोन खोल्या मिळाल्या होत्या, वसतिगृहाच्या फाटकाला अगदी चिकटून. एकीत पलंग, कपाट आणि शेगडी. दुसरीत टेबल, टेलिफोन आणि एक मोठी खिडकी, जिच्यातून आत येणारी नि बाहेर जाणारी प्रत्येक मुलगी दिसायची. बाई त्या खिडकीशी बसूनच जेवायच्या, पेपरही तिथेच वाचायच्या, आणि रविवारी केस धुतले की वाळवायलाही तिथेच बसायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, "इथे दोनशे मुली आहेत की. अजून किती हव्यात?" आणि उठून कुठल्या तरी नळाची तपासणी करायला जायच्या.

बसून राहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सकाळी पाण्याच्या टाकीपासून त्यांची फेरी सुरू व्हायची ती जिने, न्हाणीघरं, स्वयंपाकघर, गच्ची असं करत दिवसभर चालायची. मुली म्हणायच्या, मॅडमच्या चपलांना झोप येत नाही.

शिक्षण संपलं, नोकरी लागली की मुली वसतिगृह सोडायच्या आणि विद्यापीठाच्या आसपासच कुठे तरी खोली घ्यायच्या. जायच्या आधी बाईंच्या टेबलासमोर उभं राहून विचारायच्या, "मॅडम, कुठे बघू जागा?" बाईंकडे उत्तर तयार असायचं. पुढच्या गेटासमोरची कॉलनी सगळ्यात उत्तम: प्राध्यापकांची वस्ती, झाडं, शांतता. बस डेपोच्या बाजूला नुसती धूळ आणि धूर, आणि ड्रायव्हर-कंडक्टर दिवसभर चकाट्या पिटत उभे. आणि मागच्या गेटाबाहेरची गल्ली? "तिथे पाऊलसुद्धा टाकायचं नाही." हे शेवटचं वाक्य त्या इतकं ठणकावून सांगायच्या, की का, असं विचारायची कोणाची छाती होत नसे.

विचारलं असतं तर बाईंनाही सांगता आलं नसतं. मागच्या गेटाबाहेर त्या कधी गेल्याच नव्हत्या. बाजार पुढे, बँक पुढे, दवाखानाही पुढेच. त्या नोकरीला लागल्या तेव्हा आधीच्या मेट्रननी त्यांना बजावलं होतं, तेच त्या पुढे बजावत आल्या.

निवृत्तीची तारीख त्यांना कित्येक वर्षं माहीत होती. तरी कार्यालयातून फोन आला, "मॅडम, नव्या मेट्रन पुढच्या महिन्यात रुजू होतायत, तेवढ्यात खोल्या मोकळ्या करता का?" तेव्हा कोणी पाठीमागून येऊन टपली मारावी तशा त्या दचकल्या. "करते ना," म्हणाल्या, आणि फोन ठेवून गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघायला निघाल्या. झाकण सकाळीच बघून झालं होतं.

धाकट्या भावाचं बोलावणं होतंच. तो लांबच्या गावी लाकडाचा धंदा करायचा, घर मोठं होतं. "ताई, वरची खोली तुझीच समज. कायमची ये." बाई आधी चार दिवस राहून बघायला म्हणून गेल्या. भावजय चांगली होती, जरा जास्तच चांगली होती. बाईंनी कप उचलला की ती धावत यायची, "तुम्ही बसा हो वन्सं, मी आहे ना." बसा, पडा, आराम करा. दुसऱ्या संध्याकाळी भाच्याने बघितलं, तर आत्या दाराशी उभी राहून पायताणं मोजत होती.

"आत्या, काय करतेस?"

"सगळे आले का बघते."

"आम्ही सगळे दुपारपासून घरातच आहोत."

चौथ्या दिवशी बाई परत आल्या. भावाला म्हणाल्या, "तुझ्या घरात काही कमी नाही. माझ्याच पायांना खाज आहे." त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, राहायचं ते विद्यापीठाजवळच, स्वतःची खोली घेऊन.

जागा दाखवणारा एजंट स्कूटरवरून आला. कमरेच्या पट्ट्याला त्याने चाव्यांचा एवढा मोठा जुडगा लटकवला होता की तो चालायला लागला की आधी चाव्या ऐकू यायच्या. त्याने विचारलं, "जवळ म्हणजे किती जवळ हवं?"

"फाटक दिसलं पाहिजे," बाई बोलून गेल्या. मग ओशाळून म्हणाल्या, "म्हणजे, पायी जाता आलं पाहिजे."

"आणि कोण कोण राहणार?"

"मी."

"आणि?"

"आणि कोणी नाही."

"हं," एजंट म्हणाला. "मग जरा अवघड आहे."

बाईंना वाटलं, हा भाव खातोय. पण ते खरंच अवघड निघालं. कॉलनीतल्या पहिल्या घराच्या मालकाने त्यांना दिवाणखान्यात बसवलं, पाणी दिलं, आणि अगदी सभ्य आवाजात प्रश्न सुरू केले. संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाहेर असता? भेटायला कोण कोण येतं? तब्येतीचं काही? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर कळवायचं कोणाला? बाईंनी भावाचा नंबर सांगितला. मालकाने मान हलवली, "भाऊ लांब राहतात," असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी एजंटकरवी नकार कळवला.

दुसऱ्या घरीही तेच प्रश्न, तिसऱ्या घरीही तेच. शेवटचा एक सोडला तर हे सगळे प्रश्न बाईंना पाठ होते. वर्षानुवर्षं त्यांनी तेच विचारले होते, फक्त टेबलाच्या पलीकडून. उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर हात कुठे ठेवायचे कळत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच उमगलं. पर्स मांडीवर घ्यावी तर मुलाखतीला आल्यासारखं वाटे, शेजारी ठेवावी तर मुक्काम ठोकल्यासारखं.

चौथ्या घरी मालकीणबाईंनी 'मेट्रन' हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे शिस्तीच्या बाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आणि पहिल्या मजल्यावरची मागची खोली बाईंना मिळाली. पुढच्या गेटासमोरची कॉलनी, झाडं, शांतता. जिची शिफारस त्या जन्मभर करत आल्या तीच.

शांतता खरोखरच होती. सकाळी गाड्या बाहेर पडल्या की गल्ली जी ओस पडायची ती संध्याकाळी गाड्या परत येईपर्यंत. मग फाटकं बंद, पडदे बंद. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. बाई पहाटे सवयीने जाग्या व्हायच्या, आवरून तयार व्हायच्या, आणि मग खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या. कोणाला उठवायचं नव्हतं. कुठला नळ गळत नव्हता. चहा प्यायचा आणि कप विसळायचा, एवढ्यात सगळं काम संपे. मग त्या चालायला लागायच्या, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

आठवड्याने मालकीणबाई वर आल्या. "एक सांगू का? तुमच्या चपलांचा आवाज खाली येतो."

बाई अनवाणी चालायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात मालकीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनाही जरा अवघडल्यासारखं झालं होतं. "आता पावलांचा येतो. म्हणजे, यांना दुपारी झोप लागते ना. तुम्ही दुपारी पडत नाही का?"

"मला सवय नाही."

"लावून घ्या हो. या वयात चांगलं असतं."

त्या दिवसापासून बाई दुपारभर बाहेर राहू लागल्या. हातात रिकामी पिशवी घ्यायच्या, कोणी विचारलं तर भाजीला निघालेय म्हणायला. पाय आपोआप वसतिगृहाकडे वळायचे. फाटकावरचा वॉचमन त्यांना बघून सवयीने उठून उभा राहायचा आणि मग बसू की नको अशा पेचात पडायचा. नव्या मेट्रनने मोठ्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा लावला होता. बाईंना तो पडदा खटकला. खिडकी झाकायची तर ठेवायची कशाला? नवी मेट्रन मात्र अदबीची होती. "या ना मॅडम, बसा," म्हणत तिने त्यांना आत नेलं आणि नेमकं मुलींचे पालक बसायचे त्या बाकावर बसवलं. दोघी पाण्याच्या टाकीबद्दल थोडं बोलल्या. त्यानंतर बाईंनी आत जायचं नाही म्हणून कानाला खडा लावला. बाहेरून जाणं मात्र सुटलं नाही.

अशाच एका दुपारी भिंतीच्या कडेने फिरत असताना त्यांना स्वयंपाकाच्या मावशी भेटल्या. मावशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं होत्या. बुटक्या, रुंद, चालताना एका अंगाला झुकणाऱ्या. दुपारचं आवरून त्या मागच्या गेटाने घरी निघाल्या होत्या.

"बाई, तुम्ही इकडे कुठे?"

"अशीच. पाय मोकळे करायला."

मावशींनी रिकाम्या पिशवीकडे बघितलं. दोघी चालू लागल्या. गेट आलं तसे बाईंचे पाय अडखळले, पण बोलता बोलता थांबणं बरं दिसलं नसतं. त्या बाहेर पडल्या.

गल्ली अरुंद होती आणि माणसांनी भरलेली होती. एका बाजूला झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून शिंपी, पुढे पुस्तकं बांधून देणारा, मग सायकल दुरुस्तीवाला. दुकानदारांच्या खुर्च्या रस्त्यावरच. वरच्या मजल्यांवरून ओले कपडे ठिबकत होते आणि खालून जाणारी माणसं न बघताच बाजूला होत होती. एक म्हातारा पायरीवर बसून दोन मुलांना गणित शिकवत होता आणि चुकलं की आपल्याच कपाळावर मारून घेत होता. कठड्यावर पाय सोडून चार मुली बसल्या होत्या. त्यातल्या दोघी बाईंच्याच वसतिगृहातल्या. बाईंना बघताच त्या ताडकन खाली उतरल्या आणि ओढण्या नीट करून उभ्या राहिल्या.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या. मुली बसल्या नाहीत.

मावशींचं घर गल्लीच्या वळणावर होतं, दोन खोल्यांचं. दाराबाहेर ओटा. आणि ओट्याच्या पलीकडे, भिंतीला भिंत लावून, एक बंद खोली. तिच्या खिडकीची फळी मोडली होती म्हणून बाईंना आत बघता आलं. आत काहीच नव्हतं, भिंतीतलं एक फडताळ तेवढं होतं. पण बाई वळल्या आणि त्या खिडकीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, तर पूर्ण गल्ली समोर. झेरॉक्सवाला, शिंपी, म्हातारा, पार गेटापर्यंत. किती तरी आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या पायांना उभं राहावंसं वाटलं.

"मावशी, ही जागा कोणाची?"

मावशी कुलूप काढत होत्या. "मालकीण पलीकडे राहते."

"भाड्याने देणार आहे का?"

"काय माहीत. काही ठरलं नसेल अजून." आणि मग, कुलूप निघाल्यावर, "पाणी देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी एजंटला गाठलं. तो चाव्या वाजवत जाऊन आला. "जागा रिकामी आहे. एकटी बाई म्हणून मालकिणीची काही हरकत नाही. पण ती म्हणते, शेजार महत्त्वाचा, शेजारणीला विचारून सांगते."

बाईंचा जीव भांड्यात पडला. शेजारीण म्हणजे मावशी. म्हणजे झालंच काम. त्या खोलीवर आल्या आणि कपाटातले कपडे काढून पलंगावर रचायलाही लागल्या.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. शेजारीण नको म्हणाली होती.

बाईंना आधी वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. एजंट म्हणाला, "मॅडम, मीही दोनदा विचारलं."

दुसऱ्या दिवशी बाई कानाचा खडा विसरून थेट वसतिगृहाच्या मागच्या पडवीत गेल्या. मावशी कांदे चिरत बसल्या होत्या. बाईंना बघून त्यांनी विळी बाजूला केली, पण उठल्या नाहीत.

"तुम्ही नको म्हणालात?"

"हो."

"एवढं काय वाईट वागले मी तुमच्याशी?"

"वाईट कुठे वागलात?" मावशींनी पदराने डोळे पुसले, पाणी कांद्याने आलं होतं. "मी आजारी पडले तेव्हा तुम्ही दवाखान्यात आला होतात. माझ्या लेकीच्या लग्नाला रजा दिलीत. वाईट अजिबात नाही."

"मग?"

"बाई, तुमच्या हाताखाली माझं आयुष्य गेलं. भाजीत मीठ किती, ओटा कधी धुवायचा, पातेली कुठे पालथी घालायची, सगळं तुम्हाला विचारून. दुपारी त्या गेटातून बाहेर पडले की माझं माझं सुरू होतं. तिकडे मी नवऱ्याशी भांडते. पाय पसरून बसते. भांडी तशीच टाकून शेजारणींशी गप्पा मारते. आता तुम्ही त्या खिडकीत येऊन बसलात तर मी कुठे जाऊ?"

"मी काही बोलणार नाही. शप्पथ."

"बोलायला कशाला हवं? तुम्ही नुसतं बघता ना."

मावशींनी पुन्हा विळी ओढली, एक कांदा हातात घेतला आणि तो तसाच धरून राहिल्या. "आणि एक सांगते, आता निघालंच आहे म्हणून. तुम्ही मुलींना सांगायचात, मागच्या गल्लीत पाऊल टाकू नका. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असायची. मला सगळं ऐकू यायचं."

बाईंचे कान गरम झाले. "वाईट वाटलं असेल."

"पहिल्यांदा वाटलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी. मग म्हटलं, एका परीने बरंच आहे. बाई स्वतः कधी तिकडे फिरकायच्या नाहीत."

हे बोलताना मावशी किंचित हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच बाईंना तिथे उभं राहवेना. "बरं," असं म्हणून त्या निघाल्या. बाहेर पडताना एक पातेलं उताणं दिसलं. हात पुढे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

पुढचे काही दिवस बाईंनी नुसती पायपीट केली. राग करून बघितला, पण तो टिकेना. मावशींनी एकवीस वर्षांत कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि पहिलंच दिलं ते असं, की त्यात खोडून काढायला काही सापडत नव्हतं. कॉलनीतल्या खोलीत पाय ठेवला की पावलांच्या आवाजाची धास्ती, बाहेर पडावं तर कुठल्या गेटाकडे जावं हा घोर. विद्यापीठाला वळसा घालून त्या दोनदा तीनदा फिरायच्या. दिसेल त्या घराकडे मान वर करून बघायच्या. इथे राहता येईल का? इथे? शेवटी एजंटला म्हणाल्या, "मला कुठलीही दाखवा. कॉलनी नको, बाकी काहीही."

"डेपोजवळ एक आहे," तो म्हणाला. "पण स्वतंत्र खोली नाही. फ्लॅट आहे, त्यातली एक खोली. दोन मुली राहतात, तिसरीच्या शोधात आहेत."

"मुली?"

"मी सांगितलंय त्यांना, वयस्कर बाई आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, भेटू तर खरं."

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. एक मुलगी उंच, चष्मेवाली, किड्यांवर संशोधन करणारी. तिच्या टेबलावर काचेच्या बरण्यांत भुंगे होते. दुसरी सकाळच्या रेडिओवर निवेदन करायची, त्यामुळे ती साधं 'पाणी घ्या' म्हणाली तरी बातम्या सुरू झाल्यासारखं वाटे. दोघीही वसतिगृहात कधी राहिलेल्या नव्हत्या. बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्ही घोरता का?" किडेवालीने विचारलं.

"मला कसं कळणार? माझ्या खोलीत कधी कोणी नव्हतं."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. रेडिओवाली म्हणाली, "आमचं येणं-जाणं वेळी-अवेळी असतं. मी पहाटे जाते, ही केव्हाही येते. कोणी आमची वाट बघत बसलेलं आम्हाला नको असतं. चालेल तुम्हाला?"

एखाद्या मुलीने बाईंना अट घालावी आणि वर 'चालेल का' विचारावं, हे आजवर झालं नव्हतं. खालून एक बस गुरगुरत निघाली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. बाईंना चटकन 'हो' म्हणता आलं असतं. जागा तर हवीच होती.

"प्रयत्न करीन," त्या म्हणाल्या. "जमेलच असं नाही."

"ह्या खरं बोलल्या," रेडिओवाली किडेवालीला म्हणाली. "बाकीच्या सगळ्या लगेच हो म्हणाल्या होत्या."

आणि बाई डेपोजवळ राहायला गेल्या, जिथल्या धुळीबद्दल आणि धुराबद्दल त्यांनी कित्येक मुलींना बजावलं होतं. धूळ होतीच. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाने लिहिता येईल इतकं मळायचं. पहाटेपासून इंजिनं तापवायचे आवाज, फलाटावरच्या घोषणा, खाली पडलेल्या पत्र्याच्या डब्याचा खणखणाट. बाईंना पहिल्याच सकाळी वाटलं, चला, कोणी तरी जागं आहे.

पण म्हणून सगळं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. पहिला आठवडा त्या हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसायच्या, किडेवाली येईपर्यंत. किडेवाली यायची, त्यांच्याकडे बघायची, पिशवी खुंटीला अडकवून आत जायची. एका सकाळी चहा पिताना तिने विषय काढला.

"तुम्हाला काय म्हणायचं आम्ही? मॅडम म्हटलं की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"भाऊ ताई म्हणतो."

"तर ताई, तुम्ही अशा जागत बसता ना, त्यामुळे मला उशीर करायची लाज वाटते. आणि मला उशीर करायचा असतो. माझे किडे अंधार पडल्याशिवाय बाहेरच येत नाहीत."

बाई यावर खूप वेळाने हसल्या, आपल्या खोलीत गेल्यावर. त्या दिवसापासून त्या दार लावून आत पडायला लागल्या. झोप यायची नाही. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की मगच डोळा लागायचा. पण दार बंद होतं, आणि बंद दाराआड कोण जागं आहे हे बाहेरच्याला कळत नाही, एवढा तोडगा त्यांनी काढला. रेडिओवालीने त्यांना भांडी घासायची पाळी लावून दिली तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. दुसऱ्याच्या पाळीच्या दिवशी सिंकमध्ये भांडी पडून राहिली तर मात्र त्यांना घराबाहेर पडावं लागे, नाही तर हात शिवशिवत.

बाहेर पडून जायचं कुठे? पायऱ्या उतरलं की समोर डेपो. एकदा त्या उन्हातून सावलीला म्हणून फलाटावर उभ्या राहिल्या. एक बस लागली होती, दार उघडं होतं. "ही कुठे जाते?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. त्याने सांगितलेलं नाव त्यांनी फक्त मुलींच्या पत्त्यांत वाचलं होतं. त्या चढल्या. शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या, तिथे खाली उतरून चहा प्यायल्या आणि त्याच बसने परत आल्या. पाय दिवसभर जागचे हलले नव्हते, तरी त्या रात्री ते दुखले नाहीत, वळवळले नाहीत.

मग तो परिपाठच झाला. बाईंनी पास काढला. आज ही बस, उद्या ती. जन्मभर ज्या शहरात राहिलो त्याच्या एका टोकाला वखारी आहेत, दुसऱ्या टोकाला तळं आहे, आणि मध्ये एक पूर्ण वस्ती नुसत्या कुलपं बनवणाऱ्यांची आहे, हे त्यांना आता कळत होतं. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना ओळखायला लागले. चकाट्या ते खरोखरच पिटायचे. बाईही अधूनमधून त्यात असायच्या. "आज कुठे, ताई?" "तुम्ही न्याल तिथे." भावाचा फोन आला की तो विचारायचा, "स्थिरस्थावर झालीस का?" बाई म्हणायच्या, "बघू," आणि मागून कोणत्या तरी बसचा हॉर्न त्याला ऐकू जायचा.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. बाई एका बसमध्ये चढल्या, तर पुढच्या बाकावर मावशी. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. दोघींची नजरानजर झाली. मावशी क्षणभर बघत राहिल्या, मग डबा उचलून सरकल्या. बाई शेजारी बसल्या.

"लेकीकडे चाललेय," मावशी म्हणाल्या. "नातू झालाय."

"कधी?"

"परवा. तिच्या सासूने तार केल्यासारखा फोन केला, दोनच शब्द. मी रजा टाकली आणि निघाले. नव्या मॅडमला विचारलं नाही, सांगितलं नुसतं."

"चांगलं केलंत."

"तुम्ही असतात तर विचारलं असतं," मावशी म्हणाल्या, आणि त्यात टोमणा होता की कसं ते बाईंना कळलं नाही. कंडक्टर आला. मावशी कनवटीचं पाकीट काढू लागल्या, तर तो बाईंकडे बघून म्हणाला, "ह्या तुमच्याबरोबर का ताई?"

"मीच त्यांच्याबरोबर आहे," बाई म्हणाल्या.

मावशींनी तिकीट घेतलं, ते घडी करून डब्याच्या गाठीत खोचलं. मग म्हणाल्या, "त्या खोलीत जोडपं आलंय राहायला. दोघंही दिवसभर भांडतात. मी सांगायला गेले, जरा हळू, तर मलाच मध्ये घेतलं. न्याय द्या म्हणे."

"दिलात?"

"बायकोच्या बाजूने दिला. आता नवरा बोलत नाही माझ्याशी."

बाईंना हसू आवरेना. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. मावशी त्यांच्याकडे जरा नवलाने बघत राहिल्या.

"येत जा कधी तरी," त्या म्हणाल्या. "राहायला नको. बसायला या."

"येईन. पण मी फार वेळ बसत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. म्हणून तर बोलावतेय."

मावशींचा थांबा आला. त्या एका अंगाला झुकत खाली उतरल्या, डबा छातीशी धरून रस्ता ओलांडला आणि दुकानांच्या रांगेआड दिसेनाशा झाल्या. बाई खिडकीकडे सरकल्या. बस अर्धी रिकामी झाली होती आणि पुढे एका चढाला लागली होती. हा रस्ता त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता, आणि बस शेवटी कुठे जाते हे आज त्यांनी विचारलंही नव्हतं.